फेडलेल्या शिक्षेचे व्याज



मार्च २००० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एल सेगुंडो इथल्या एका गोल्फ मैदानावरच्या दुकानातून एक माणूस लंगडत बाहेर पडला. दुकानातल्या कर्मचाऱ्याला ती चाल खटकली, त्याने पोलिसांना फोन केला आणि त्या माणसाच्या पँटच्या पायात लपवलेल्या तीन गोल्फ स्टिक निघाल्या. एकेकीची किंमत ३९९ डॉलर. चोरी सिद्ध झाली आणि शिक्षा झाली ती २५ वर्षे ते जन्मठेप, म्हणजे पंचवीस वर्षे भरेपर्यंत सुटकेचा विचारसुद्धा व्हायचा नाही. युइंग विरुद्ध कॅलिफोर्निया या नावाने हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम झाली. हा माणूस पहिल्यांदा मोह झालेला भुरटा नव्हता, हेही लगेच सांगितले पाहिजे. लाँग बीचमधल्या एका गृहसंकुलात १९९३ मध्ये केलेल्या तीन घरफोड्या आणि एक जबरी चोरी त्याच्या नावावर होती, त्यासाठी तो तुरुंगात राहिला होता आणि गोल्फ स्टिक चोरताना पॅरोलवर होता. आपल्याकडच्या पोलिसी भाषेत सांगायचे तर सराईत, रेकॉर्डवरचा. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी म्हणून मी हे सांगत नाही. तीन स्टिकची चोरी आणि पंचवीस वर्षे यांच्यामधली जागा कशाने भरून निघाली, ते आपल्याला पाहायचे आहे.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो, म्हणजे मतभेद कुठे आहे ते तुम्हाला नेमके पकडता येईल. शिक्षा ठरवताना आरोपीचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. माझी हरकत आहे ती हा इतिहास वाचण्याचे काम न्यायाधीशाकडून काढून घेऊन एका कोष्टकाला देण्याला. तसे केले की मागे काय घडले याची चौकशी संपते आणि मागच्या खटल्याचा कागद तेवढा मोजला जातो. आणि तो कागद कपाटातून काढायचा की नाही हे ज्याच्या हातात, त्या सरकारी वकिलाकडे शिक्षेची सूत्रे जातात.

अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते असा गुन्हा म्हणजे फेलनी, त्याखालचा मिस्डिमीनर. खून हीही फेलनी आणि काही परिस्थितीत खोटा चेक हीही फेलनी. शब्द एकच असल्यामुळे ‘तीन फेलनी केलेला माणूस’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर उभा राहतो. कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या कायद्याने या शब्दाच्या लवचिकतेचा पुरेपूर वापर केला. आधीची एक गंभीर किंवा हिंसक फेलनी असेल तर पुढच्या फेलनीला दुप्पट शिक्षा. अशा दोन असतील तर तिसरी कुठलीही फेलनी असो, २५ वर्षे ते जन्मठेप. मागच्या दोन गंभीर असायला हव्या होत्या, तिसरी नसली तरी चालत असे. ‘थ्री स्ट्राइक्स’ हे नाव बेसबॉलमधून आले. तिथे फलंदाजाने तीन चेंडू दवडले की तो बाद. १९९३ ते १९९५ या काळात चोवीस राज्यांनी आणि केंद्र सरकारने या धर्तीचे कायदे केले. कॅलिफोर्नियातला कायदा एका भयंकर घटनेच्या उजेडात झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये पेटालुमा गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पळवून ठार मारण्यात आले. मारेकरी अनेकदा शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेला होता. लोकांचा संताप खरा होता आणि रास्तही होता. नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतदारांनी या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. त्या मुलीच्या वडिलांनी आधी पाठिंबा दिला होता. मतदानाच्या वेळी मात्र ते विरोधात उभे होते, कारण कायद्याच्या जाळ्यात तिच्या मारेकऱ्यासारख्यांच्या बरोबर किरकोळ चोरही सापडणार हे त्यांच्या ध्यानात आले होते. ही कल्पना त्या काळीही नवी नव्हती. न्यू यॉर्कने १९२६ मध्येच चौथ्या फेलनीला सक्तीची जन्मठेप लावली होती, आणि मिशिगनमध्ये १९२८ साली दारूबंदीच्या काळात पाइंटभर जिनपायी दहा मुलांच्या आईला याच तर्काने जन्मठेप झाली होती.

जुन्या गुन्ह्याची शिक्षा माणूस भोगून आलेला असतो. मग त्याच गुन्ह्यापायी पुन्हा शिक्षा कशी? यावर तिथल्या न्यायालयांचे उत्तर जुने आहे: जुन्या गुन्ह्याला आम्ही पुन्हा शिक्षा करत नाही; करणारा सुधारला नाही म्हणून नवा गुन्हाच अधिक गंभीर ठरतो. हे ऐकताना मराठी माणसाला सावकार आठवावा. मुद्दल फिटले हे तोही मान्य करतो, त्याचे म्हणणे फक्त व्याजापुरते असते. टेक्सासच्या रमेल खटल्यात तीन गुन्हे मिळून रक्कम २२९ डॉलर ११ सेंट होती: क्रेडिट कार्डावरची ८० डॉलरची फसवणूक, २८ डॉलर ३६ सेंटचा बनावट चेक आणि खोटे सांगून उकळलेले १२० डॉलर ७५ सेंट. शिक्षा जन्मठेप, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कॅलिफोर्नियाच्या आंद्रादे खटल्यात तर हे व्याज चक्रवाढ झाले. आंद्रादेने दोन दुकानांतून मिळून १५३ डॉलर ५४ सेंटच्या व्हिडिओ कॅसेट चोरल्या. एरवी हा मिस्डिमीनर. पण आधीच्या चोरीची शिक्षा नावावर असल्यामुळे तो फेलनी करता येत होता. म्हणजे जुनी शिक्षा एकदा मोजली ती भुरटी चोरी फेलनी करण्यासाठी आणि दुसऱ्यांदा मोजली ती त्या फेलनीला तिसरा स्ट्राइक ठरवण्यासाठी. दोन चोऱ्या, दोन वेळा पंचवीस वर्षे, एकामागून एक भोगायच्या. पन्नास वर्षे.

सावकाराचा दाखला मी केवळ रंगत यावी म्हणून देत नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, कारण कोर्ट फक्त खत वाचत होते. कर्ज कसे झाले, किती फिटले, अंगठा कशावर घेतला हे विचारत नव्हते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन सगळा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. आता अमेरिकेतल्या केंद्रीय कायद्याकडे पाहा. १९८४ मध्ये आलेल्या आणि १९८६ मध्ये व्यापक झालेल्या तिथल्या नियमानुसार हिंसक फेलनीच्या किंवा अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्याच्या तीन शिक्षा नावावर असलेल्या माणसाकडे बंदूक सापडली तर किमान १५ वर्षे कैद. पण ‘हिंसक’ कशाला म्हणायचे? प्रत्येक राज्याची घरफोडीची व्याख्या वेगळी. कुठे घरात शिरावे लागते, कुठे गाडीत किंवा होडीत शिरले तरी पुरते. १९९० च्या टेलर खटल्यात न्यायालयाने ठरवले की मागच्या गुन्ह्यात प्रत्यक्ष काय घडले ते पाहायचे नाही, ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्या कलमाचे शब्द तेवढे पाहायचे. या नियमाला घटनात्मक कारण आहे, कारण जुना खटला नव्या न्यायाधीशाने ज्यूरीवाचून पुन्हा चालवू नये. आणि कित्येक आरोपींना त्याचा फायदाही झाला आहे. पण परिणाम विचित्र होतो. खरोखर मारहाण केलेला माणूस त्याच्या राज्याच्या कलमातल्या एका सैल शब्दामुळे सुटतो आणि ज्याने कोणाला धक्काही लावला नाही तो कलमाच्या घट्ट शब्दांत अडकतो. कायद्यातल्या ‘इतरांना इजा होण्याचा गंभीर धोका’ असलेल्या गुन्ह्यांच्या मोघम कलमाचा अर्थ लावता लावता न्यायालये इतकी थकली की २०१५ मध्ये जॉन्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भागच संदिग्ध म्हणून रद्द केला. तोवर जवळपास तीस वर्षे माणसे त्याखाली तुरुंगात जात होती.

मोजणी किती फसवी असते हे पाहायचे असेल तर वुडन खटला वाचावा. जॉर्जियात १९९७ मध्ये एका रात्री वुडन आणि त्याच्या साथीदारांनी एकाच इमारतीतली सामान साठवण्याचे दहा गाळे मधल्या भिंती फोडून लुटले. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याच्या नावावर घरफोडीच्या दहा शिक्षा लागल्या. बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरात बंदूक सापडली. एरवी मार्गदर्शक कोष्टकानुसार त्याला २१ ते २७ महिने कैद झाली असती. दहा गाळे म्हणजे दहा वेगळे प्रसंग धरून १८८ महिने झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की एक रात्र हा एकच प्रसंग. साधी गोष्ट, पण ती ठरायला देशातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. लगेच पुढचा प्रश्न आला: प्रसंग वेगळे होते की एक, हे ठरवायचे कोणी? २०२४ च्या अर्लिंगर खटल्यात उत्तर मिळाले, ज्यूरीने. चाळीस वर्षे हा कायदा चालला आणि मोजायचे कोणी याचा निकाल चाळिसाव्या वर्षी लागला.

आता सरकारी वकिलाकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे. केंटकी राज्यात हेज नावाच्या आरोपीवर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटवल्याचा आरोप होता. शिक्षा दोन ते दहा वर्षे. सरकारी वकिलाने सौदा मांडला: गुन्हा कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो, नाही केलास तर तुझ्या मागच्या दोन फेलनी काढून सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली आरोप ठेवतो, आणि त्यात जन्मठेप सक्तीची आहे. हेजने खटला चालवण्याचा आपला हक्क वापरला. सरकारी वकिलाने शब्द पाळला. जन्मठेप झाली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, यात काही गैर नाही असा निर्णय दिला. या निकालाकडे लोक सहसा कबुलीच्या सौद्यांवरचा निकाल म्हणून पाहतात. मला त्यात वेगळे दिसते. तोच माणूस, तोच चेक, तोच पूर्वेतिहास. एका दरवाजाने पाच वर्षे आणि दुसऱ्याने जन्मठेप. मागच्या गुन्ह्यांमुळे तो जन्मठेपेच्या लायकीचा ठरतो असे राज्याला खरोखर वाटत असते, तर पाच वर्षांचा देकार आला कुठून? आणि पाच वर्षे पुरेशी वाटत असतील, तर जन्मठेप कशाबद्दल झाली? पूर्वेतिहासाबद्दल तर नक्कीच नाही. तो दोन्ही वेळी तेवढाच होता. ती झाली खटला मागितल्याबद्दल. आणि यातली एक दुखरी बाब अशी की खटल्यानंतर थोड्याच काळात केंटकीने कायदा बदलला. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीचा गुन्हा धरायचा नाही, ज्यात कैद झालीच नाही तो धरायचा नाही, असे नियम आले. नव्या कायद्याखाली हेजला फार तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा झाली असती.

केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात ही सत्ता उघड लिहून दिलेली आहे. जुनी शिक्षा मोजायची असेल तर सरकारी वकिलाने तशी नोटीस दाखल करायची. नोटीस नाही तर वाढ नाही. २०१८ पर्यंत एका जुन्या गुन्ह्याने किमान दहा वर्षांची किमान वीस होत आणि दोन असले तर सक्तीची जन्मठेप. तिथल्या शिक्षा आयोगाने २०१६ सालच्या खटल्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसले की ज्यांना ही वाढ लागू होऊ शकत होती अशांपैकी सुमारे १२ टक्क्यांवरच नोटीस निघाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कमालीचा फरक होता. ब्रुकलिनचे केंद्रीय न्यायाधीश जॉन ग्लीसन यांनी २०१३ च्या एका निकालपत्रात या नोटिशीचा उपयोग कबुली पिळून काढण्यासाठी होतो असे सविस्तर लिहिले. ग्लीसन हे माफिया टोळीप्रमुख जॉन गॉटी याच्यावर खटला चालवून शिक्षा मिळवणारे माजी सरकारी वकील. गुन्हेगारांबद्दल हळवे असल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करणार नाही.

समानतेच्या नावाने आणलेल्या कायद्याची ही गत आहे, आणि समानता हा या कायद्यांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे. १९७३ मध्ये मार्विन फ्रँकेल या न्यायाधीशानेच पुस्तक लिहून दाखवले होते की एकाच गुन्ह्याला एका कोर्टात एक वर्ष आणि शेजारच्या कोर्टात दहा वर्षे होतात, आणि कारण कोणीच देत नाही. हा दोष खरा होता. न्यायाधीशाच्या लहरीवर माणसाचे आयुष्य सोडू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण सक्तीच्या किमान शिक्षेने लहर संपत नाही, ती फक्त दुसऱ्या खोलीत जाते. न्यायाधीश उघड न्यायालयात बोलतो, कारणे लिहितो, त्याच्यावर अपील होते. सरकारी वकिलाने नोटीस का काढली किंवा का काढली नाही याचे कारण कुठे लिहिलेले नसते आणि त्यावर अपीलही नाही. लहर आवरायची असेल तर कारणे लिहायला लावणे हा उपाय आहे, आणि तो न्यायाधीशालाच लावता येतो.

दुसरा आक्षेप जनसामान्यांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. ज्याला एकदा सांगितले, दोनदा सांगितले, त्याने तिसऱ्यांदा तेच केले तर त्याला जास्त शिक्षा नको का? हवी. पहिल्या चुकीला समाज थोडा हात सैल सोडतो, ती सवलत पुढे संपते. इथपर्यंत कोणाचीही नीतिबुद्धी साथ देईल. पण सवलत संपणे म्हणजे शिक्षा गुन्ह्याच्या पूर्ण मापाची होणे. त्या मापाच्या वीसपट शिक्षा कशी होते, याचे उत्तर सवलतीच्या युक्तिवादात नाही. ते ‘हा माणूस पुढेही गुन्हे करील’ या भाकितात आहे. तेव्हा भाकीत तपासले पाहिजे.

या बाबतीत माझ्या विरोधातला पुरावा आधी सांगतो. हेलंड आणि टॅबरॉक या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवले की कॅलिफोर्नियात ज्यांच्या नावावर दोन स्ट्राइक होते त्यांच्या अटकेचे प्रमाण १७ ते २० टक्क्यांनी घटले. म्हणजे धाक वाटतो; ‘कायद्याला कोण विचारतो’ हे सरसकट खरे नाही. पण त्याच अभ्यासाचा हिशेब पुढे असा आहे की या मार्गाने टळलेल्या एका गुन्ह्यामागे सुमारे १,४८,००० डॉलर खर्च येतो, तर सरासरी गुन्ह्याने समाजाचे होणारे नुकसान सुमारे ३४,००० डॉलरचे असते. तेवढ्या पैशात पोलीस वाढवले असते तर जास्त गुन्हे टळले असते, हा निष्कर्ष त्यांचाच. फ्रँकलिन झिमरिंग आणि सहकाऱ्यांनी आधीच दाखवले होते की कॅलिफोर्नियातली गुन्ह्यांची घसरण कायद्याच्या आधी सुरू झाली होती आणि असा कायदा नसलेल्या राज्यांतही ती झाली. मग येतो वयाचा मुद्दा, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. गुन्हा हे बहुतांशी तरुणपणाचे काम आहे. केंद्रीय कैद्यांवरच्या २०१७ च्या अहवालात सुटकेवेळी एकविसाच्या आत असलेल्यांपैकी ६७.६ टक्क्यांना पुन्हा अटक झाली. पासष्ट किंवा अधिक वयाच्यांपैकी १३.४ टक्क्यांना. आणि तिसरा स्ट्राइक लागतो कधी? दोन शिक्षा भोगून झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीत. म्हणजे गुन्ह्याची भरती ओसरू लागते नेमके तेव्हा राज्य सर्वांत लांब शिक्षा सुरू करते आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळत बसते. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी न्यू यॉर्कच्या नोंदींवरून काढले की अटकेनंतर काही वर्षे माणूस गुन्ह्यापासून दूर राहिला की त्याच्या पुन्हा अटकेची शक्यता त्याच वयाच्या सर्वसामान्य माणसाइतकी उतरते. अठराव्या वर्षी जबरी चोरीत अटक झालेल्याच्या बाबतीत हा काळ सुमारे पावणेआठ वर्षांचा. दिवाणी दाव्याला मुदत असते, उसन्या पैशांच्या वसुलीला मुदत असते. कॅलिफोर्नियाच्या स्ट्राइकला मात्र मुदत नाही. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी तो ताजाच.

आपण भारतातून हे पाहताना ‘अमेरिकेचे काय ते अजब’ असे म्हणून सुटू शकत नाही. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे कलम २३ असे होते की नोंदलेल्या जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मभर काळे पाणी. कॅलिफोर्नियाच्या सत्तर वर्षे आधी. सोलापूरच्या काटेरी कुंपणातल्या वसाहतीत या जमातींतल्या ज्यांना डांबले होते, त्यांच्या नावावर पहिली आणि दुसरी शिक्षा किती सहज चढत असेल याचा विचार करा. हजेरी चुकली की पोलिसांचा संशय, संशय आला की पकड, आणि पकडले की कागद तयार. ‘इतिहास’ म्हणून पुढे जे मोजले जायचे ते बरेचसे पहाऱ्याचे फलित होते. तरी त्या वसाहतवादी कलमातसुद्धा एक फट ठेवलेली होती: याउलट विशेष कारणे असतील तर न्यायालयाने ती निकालात नमूद करावीत आणि कमी शिक्षा द्यावी. १९९४ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात न्यायाधीशाला एवढी मोकळीक आहे की नाही याचाच वाद झाला आणि ती आहे हे १९९६ च्या रोमेरो खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अमेरिकेपेक्षा स्वच्छ वाटते. भारतीय दंडविधानाचे कलम ३०३ सांगत होते की जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही. मिथू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ७ एप्रिल १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते रद्द केले. त्यांचा प्रश्न सरळ होता. जन्मठेप पन्नासच्या आसपास कलमांखाली होऊ शकते. दस्तऐवजाच्या बनावटीसाठी जन्मठेप झालेल्या आणि पुढे चिथावणीतून खून घडलेल्या माणसाला परिस्थिती न पाहता फासावर द्यायचे, यात मागच्या आणि पुढच्या गुन्ह्याचा संबंध तरी काय? पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये अमली पदार्थ कायद्यातल्या दुसऱ्या गुन्ह्याच्या सक्तीच्या फाशीचे कलम याच तर्काने सौम्य केले; फाशी ‘द्यावीच’ याऐवजी ‘देता येईल’ असे ते वाचायचे. पण त्याच कायद्यात पुन्हा गुन्हा करणाऱ्याला किमान शिक्षेच्या दीडपट किमान शिक्षा आजही सक्तीची आहे. फाशीपुरते आपण जागे झालो, कैदेपुरते नाही.

आणि मोजणीचा घोळ आपल्याकडेही आहे. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन सामूहिक बलात्कार झाले. दोन्ही अमानुष, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पुन्हा बलात्कार करणाऱ्याला फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप सांगणारे कलम ३७६ ई वापरून एप्रिल २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. पण दुसरा गुन्हा घडला तेव्हा पहिल्याची शिक्षा झालेलीच नव्हती. दोन्ही दोषसिद्धी २०१४ च्या त्याच दिवसांतल्या. न्यायालयाने शिक्षा देऊन बजावले आणि तरीही केले, हा पुनरावृत्तीच्या कायद्याचा नैतिक आधार, आणि इथे ते बजावणेच झालेले नव्हते. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले आणि २०२१ मध्ये फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली. शिक्षा कठोरच राहिली. मोजणीचा प्रश्न मात्र माझ्या मते अजून नीट सुटलेला नाही, आणि तो सर्वांत घृणास्पद खटल्यात आधी उभा राहतो हे आपले दुर्दैव, कारण तिथे तो विचारायला कोणी धजत नाही.

लोकमताचा लंबक तर हलतच असतो. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये सुमारे ६९ टक्के मतांनी ठरवले की तिसरा स्ट्राइकही गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्यातल्या किमान वीस वर्षांची पंधरा आणि जन्मठेपेची पंचवीस वर्षे केली, पण आधीच आत असलेल्यांना त्याचा लाभ दिला नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाने, योगायोगाने त्याच क्रमांकाच्या प्रस्तावाने आणि जवळपास तेवढ्याच मतांनी, चोरीच्या दोन शिक्षा नावावर असतील तर पुढची भुरटी चोरी फेलनी करण्याची सोय पुन्हा आणली. आंद्रादेच्या चक्रवाढीची पहिली पायरी.

आपल्याकडे २०२४ मध्ये नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या. जुने कलम ७५ नव्या संहितेत कलम १३ म्हणून आले आहे. त्यात पूर्वीच्या शिक्षेने कमाल मर्यादा वाढते, किमान ठरत नाही, आणि किती वापरायची हे न्यायाधीशावर सोडलेले आहे. ही मांडणी बरी आहे आणि ती राखावी. पुढे कुठल्याही कायद्यात ‘दुसऱ्या गुन्ह्याला किमान’ असे शब्द घालण्याची मागणी आली, आणि प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर ती येतेच, तर तिच्याबरोबर तीन गोष्टी मागाव्यात: जुन्या शिक्षेला मुदत, पहिली शिक्षा झाल्यानंतरचाच गुन्हा मोजण्याची अट, आणि लेखी कारणे देऊन किमान शिक्षेच्या खाली जाण्याची न्यायाधीशाला मुभा. गुन्हेगार जमाती कायद्यानेसुद्धा ही तिसरी गोष्ट नाकारली नव्हती.

वकील मित्रांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. मिथूचे निकालपत्र आणि हेजचे निकालपत्र, त्यातल्या न्यायमूर्ती ब्लॅकमन आणि पॉवेल यांच्या विरोधी मतांसकट, आज कोणालाही विनामूल्य वाचायला मिळतात. दोन्ही फार लांब नाहीत. एका बैठकीत, एकापाठोपाठ एक वाचावीत.